आवाज स्पष्ट येतोय

मंचरच्या स्टँडवर घोडेगावकडची गाडी अजून लागली नव्हती. पुष्पा रसवंतीच्या सावलीला पिशवी धरून उभी होती. हायवेवरून कांद्याचे ट्रक एकामागून एक जात होते, हॉर्न वाजत होते, आणि तिच्या अगदी शेजारी एक माणूस मोबाइल कानाशी दाबून ओरडत होता, "हॅलो! आवाज येतोय का? अरे, येतोय का माझा आवाज?" पुष्पाचा अंगठा पिशवीच्या बंदावर दाबला गेला. अर्धा श्वास ती थांबली आणि म्हणाली, "येतोय. स्पष्ट येतोय." त्या माणसानं वळून तिच्याकडं पाहिलं. मग फोनवर हात ठेवून, जरा हसून म्हणाला, "तुमाला नाय ओ ताई. फोनवर बोलतोय मी." आणि चार पावलं लांब जाऊन पुन्हा ओरडू लागला. पुष्पा सावलीत आणखी मागं सरली. आपण बोललो ते तिला त्याच्या हसण्यावरून कळलं होतं. रसवंतीवाला पोरगेला नव्हता, चांगला मिशा पिकलेला होता; त्यानं न विचारता पाण्याचा ग्लास पुढं केला, आणि तिनं तो घेतला, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

अर्धा श्वास थांबायची ही सवय कंट्रोलरूमची. वायरलेसचं बटण दाबलं की लगेच बोलायचं नसतं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो. जुन्नरला वनखात्याच्या कंट्रोलरूममध्ये ती लागली तेव्हा आळ्याच्या सुनीलनं, म्हणजे सेट आणि रिपीटर सांभाळणाऱ्या टेक्निशियननं, पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. दाब, थांब, बोल. 'नको' म्हणायचं असेल आणि 'न' खाल्ला गेला तर काय, असं म्हणून तो हसला होता. आता ती भाजीवाल्याशी बोलताना, कंडक्टरशी बोलताना, कुणी कशी आहेस विचारलं तरी तो अर्धा श्वास थांबते. माणसांना वाटतं हिला ऐकू कमी येतं. ऐकू कमी आलं असतं तर, असं तिला कितीदा वाटलं होतं. तेवढं एकच मागणं होतं, आणि तेही आता मागून उपयोग नव्हता.

गाडी आली. खिडकीची जागा मिळाली. बापाचा, यमाजीचा फोन काल आला होता. तो फोनवर फार बोलत नाही. आयुष्य मेंढरांमागं गेलेला माणूस, फोन कानाला लावला तरी समोरच्या डोंगराला हाक मारावी तसा बोलतो. "तुजी आय त्या कुंडलिकला दारात हुभं करंना," तो म्हणाला होता. "त्यो गवताचा भारा घिऊन येतुया, ही उचलून वढ्याला फेकून देती. मला बगवत न्हाई. तू ये. काय झालं, कसं झालं, तिला समदं सांग. तिथं काय झालं ते तुलाच ठावं हाय." पुष्पानं अर्धा श्वास घेतला आणि म्हणाली, "येते." भावाच्या दहाव्या-तेराव्यानंतर ती घरी फक्त उभ्या-उभ्या गेली होती. दर वेळी आई तिच्याकडं पाहून दुसरीकडं पाहायची. विचारायची काहीच नाही. आणि पुष्पा दर वेळी मनातल्या मनात देवाचे आभार मानायची की विचारलं नाही.

घोडेगाव मागं पडलं, धरणाचं पाणी दिसायला लागलं. पाण्यापलीकडचे डोंगर पिवळे झाले होते. पावसाळ्यात गवत पुन्हा उगवलं होतं, कमरेएवढं वाढलं होतं आणि आता पुन्हा वाळून, वाऱ्यावर लवत, होतं तसंच उभं होतं. कुठं आग होती, कुठं नव्हती, काही ओळखू येत नव्हतं. पुष्पाला ते बघून राग आला. एखादा तरी डाग राहायला हवा होता. चैत्रात ते सगळं काळं झालं होतं. तीन बाजूंनी वणवा पेटला होता, जुन्नरच्या अंगानं एक आणि आंबेगावच्या अंगानं दोन, आणि ते एकत्र आले तेव्हा आभाळाचा रंग तांब्याच्या जुन्या हंड्यासारखा झाला होता. मोबाइलची रेंज त्या भागात मुळातच जेमतेम होती. जी होती ती केबल जळाल्यावर गेली. मग राहिला फक्त उंबरदांडाच्या माथ्यावरचा रिपीटर. एक पत्र्याची पेटी, एक खांब, दोन सोलर पाट्या. खाली माणसांच्या हातातल्या सेटचा अशक्त आवाज ती पेटी उचलायची आणि सगळ्या डोंगरांवर फेकायची. दऱ्याखोऱ्यांत शे-दीडशे माणसं हिरव्या डहाळ्या आणि ब्लोअर घेऊन आगीशी झटत होती, आग पुढं सरकू नये म्हणून गवत जाळून जाळरेषा काढत होती, आणि त्यांना एकमेकांचं काय चाललंय ते कळत होतं ते या पेटीमुळं.

धुरानं सूर्य झाकला आणि पाट्यांना ऊन मिळेना. बॅटरी उतरू लागली. आधी लांबचे आवाज खरखरले, मग वाक्यांची शेपटं तुटू लागली. सुनील डोंगराच्या पायथ्याशी होता. तिथून तो म्हणाला, "पुष्पाताई, अजून थोडा वेळ तग धरेल, मग गेलं. ट्रॅक्टरची मिळाली तरी चालेल, पण बॅटरी वर न्यायला माणूस पाहिजे." आणि मग सेटवर तिच्या धाकट्या भावाचा आवाज आला. सोमनाथ उन्हाळ्याचे चार महिने खात्यात फायर वॉचर म्हणून राबायचा, एरवी बापाची उरलेली मेंढरं बघायचा. तो नुसता म्हणाला, "मी नेतो."

गावातल्या एका ट्रॅक्टरची बॅटरी काढून, घोंगड्यात बांधून, पाठीवर मारून तो चढला, मागोमाग सुनील. आजारी कोकरू आणावं तसं, असं सुनील नंतर म्हणाला होता. त्या चढणीला वाट नाही, मेंढरांच्या खुरांनी पडलेल्या रेघा आहेत. त्या सोमनाथला पाठ होत्या. पुष्पा तिकडं जुन्नरला खुर्चीत बसून तुटक्या आवाजांचे तुकडे जुळवत होती. कोण काय म्हणालं ते अंदाजानं ओळखून दुसऱ्याला पुन्हा सांगत होती. पंखा फिरत होता. टेबलावर कुणीतरी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती. आणि मग एकाएकी कानातली खरखर थांबली. धुतल्यासारखा आवाज आला, इतका स्वच्छ की माणसाचा श्वास ऐकू यावा. "कंट्रोल, दांडावरनं बोलतोय. आवाज येतोय का?" तिनं दाबलं, थांबली, बोलली, "दांड, तुमचा आवाज स्पष्ट येतोय." मागं उभे असलेले रेंजरसाहेब मोठ्यानं "वा!" म्हणाले. सोमनाथ हसला. ते हसणंसुद्धा आलं.

सेटवर ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. नियमच तसा होता. चॅनलवर नाव नाही, नातं नाही. कंट्रोल आणि ठिकाण, बास. घरी त्यावरून तो तिची टर उडवायचा. जेवायला बसला की ताट वाजवून म्हणायचा, "कंट्रोल, तुमी भाकरी वाढा," आणि आई म्हणायची, काय चाललंय दोघांचं. सात वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन तिची कंबर एका बाजूला कलली असं आई अजून सांगते, सांगायची.

कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं. तिनं काढलेलं तिकीट दाखवलं. एक बाई कडेवरचं पोर सांभाळत तिच्या शेजारी बसली. पोरानं पुष्पाच्या पदराला हात घातला, बाई "सोड रं" म्हणाली. "असू द्या," पुष्पा म्हणाली. पोराच्या मुठीला दुधाचा वास होता. बाहेर गवत लवत होतं.

सुनीलला वर थांबावं लागलं. बॅटरीचे चिमटे नीट बसत नव्हते, तो हातानं धरून बसला होता. माथ्यावर उघडा खडक होता, तिथं आग येण्यासारखं काही नव्हतं. सोमनाथला आपल्या टोळीकडं परत जायचं होतं. टोळी पलीकडच्या घळीत होती, पंधरा-सोळा जण. तो दांडाच्या सोंडेवरून थोडा उतरला आणि वारा फिरला. पुष्पाला जुन्नरला बसून वारा दिसत नव्हता. तिला तो ऐकू आला. सोमनाथच्या आवाजामागं आधी नुसती शांतता होती, आता तिथं कापड फाटत राहावं तसा आवाज होता.

"कंट्रोल, त्यास्नी म्हनावं खाली उतरू नका. घळीच्या तोंडाशी आग आलीया. मागं फिरा. करवंदीच्या जाळीपासनं डाव्या हाताला धरा, तिथनं मेंढवाट वर येती. मला हितनं दिसतंय समदं."

ती बोलली, टोळीनं ऐकलं, टोळी फिरली. पण तेव्हाच सगळे एकदम बोलायला लागले. जुन्नरच्या अंगाची माणसं विचारत होती, गाड्या विचारत होत्या, एकाचा आवाज दुसऱ्यावर पडत होता आणि दोन्ही जळत होते. त्या गर्दीतून सोमनाथ म्हणाला, "ताई, चॅनल मोकळा कर. माजं त्यांना ऐकू जाईना."

ताई म्हणाला. नियम मोडून. आणि तिनं दाबलं, थांबली, आणि कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटावा अशा आवाजात म्हणाली, "सर्व सेट गप्प राहा. फक्त दांड बोलेल. पुन्हा सांगते, फक्त दांड बोलेल." आणि सगळे गप्प झाले. ओझरपासून घाटमाथ्यापर्यंत जेवढे सेट होते तेवढ्या सगळ्यांवर तिच्या भावाचा एकट्याचा आवाज वाजत राहिला. डावीकडं. आता दगडाला वळसा. थांबू नका. ते लोक एकामागून एक धुरातून वर निघत होते, आणि तो मोजत होता. रेंजरसाहेब तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "त्याला म्हणा, ताबडतोब खडकावर परत जा." ती म्हणाली, "दांड, साहेबांचा आदेश आहे. तुम्ही ताबडतोब खडकावर परत जा."

"जातो. दोघं दिसना झाल्यात. तेवढं निघू द्या."

"दांड, तुम्ही परत जा."

"व्हय. जातो."

तो गेला नाही. त्याच्या आवाजामागचं फाटणं वाढत गेलं, आणि त्या फाटण्यातून तो त्या दोघांना ओरडत राहिला, खोकत, ओरडत. मग टोळीकडून कुणीतरी रडत-हसत म्हणालं, "निघाले! दोघं पण निघाले! समदी आलो वर!" कंट्रोलरूममध्ये कुणीतरी टाळी वाजवली. पुष्पानं दाबलं. "दांड, सगळे बाहेर आले. तुम्ही कुठं आहात?" उत्तर आलं नाही. मग बटण दोनदा दाबल्याच्या दोन टिचक्या आल्या. टिक, टिक. तोंड उघडता येत नसलं की तसं करायचं असतं. ऐकलं, असा त्याचा अर्थ. ती म्हणाली, "दांड, तुमचा सिग्नल मिळाला. कंट्रोल ऐकतंय." पुन्हा दोन टिचक्या. ती बोलत राहिली. काय बोलावं तिला कळत नव्हतं म्हणून ती तेच बोलत राहिली. कंट्रोल ऐकतंय. तुमचा सिग्नल मिळाला. खडकाकडं या. सगळ्या डोंगरावर कुणी एक शब्द बोललं नाही. मग एक टिचकी आली. दुसरीची ती वाट बघत राहिली.

रिपीटर शेवटपर्यंत चालला. आग विझल्यावरही, सोमनाथला शोधून खाली आणेपर्यंत, दुसऱ्या दिवशी ऊन पडून पाट्या पुन्हा तापेपर्यंत. पुण्याला बैठक झाली तेव्हा मोठ्या साहेबांनी सांगितलं, एवढ्या मोठ्या वणव्यात संपर्क एकदाही पूर्ण तुटला नाही, हे विशेष आहे. टाळ्या झाल्या. सुनील तिच्या शेजारी मान खाली घालून चिमटे धरून भाजलेल्या आपल्या तळव्यांकडं बघत होता. पुष्पाला तेव्हा कळलं की आपलं दुःख कुणाला सांगता येण्यासारखं नाही. काही बिघडलं असतं तर त्याला बोट लावता आलं असतं. काही बिघडलं नव्हतं. सगळं जसं चालायला पाहिजे तसं चाललं होतं, आणि ते चालावं म्हणून तोच पाठीवर घेऊन चढला होता.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. यमाजी ओट्यावर लोकर कातत बसला होता. आई, गजराबाई, मेंढरांच्या वाडग्याच्या झापाशी, कुडाच्या दाराशी, त्यांना पाणी दाखवत होती. तिनं पुष्पाकडं पाहिलं आणि दुसरीकडं पाहिलं. "आलीस," ती म्हणाली. "हात-पाय धू."

पुष्पानं हात-पाय धुतले. मग चुलीशी आईच्या शेजारी बसली आणि सांगायला लागली. सांगताना पहिल्यांदाच अर्धा श्वास थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. बॅटरी सांगितली, घोंगडं सांगितलं, वारा सांगितला, ताई म्हणाला ते सांगितलं. टिचक्या सांगितल्या. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. तो त्या दोघांना काय म्हणून ओरडला, ते. ते शब्द आईला कसे सांगायचे. तेवढे आपल्यापाशी राहू देत.

गजराबाई भाकरी थापत ऐकत होती. हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, "आनि त्यो मेला कुंडलिक निघाला. ह्यो गेला, त्यो निघाला. माझ्या ल्योकाच्या बदल्यात गवत आनून देतो व्हय मला?"

"त्यानं कुठं मागितलं व्हतं, आई."

"म्या बी कुटं मागितलं व्हतं गवत."

यमाजीचा कातायचा हात थांबला. अंगणात पावलं वाजली. कुंडलिक भारा घेऊन आला होता. शेजारच्या गावचा, चाळिशीतला, बसक्या अंगाचा शेतकरी माणूस. दर उन्हाळ्यात सोमनाथबरोबर टोळीत असायचा. त्यानं भारा अंगणाच्या कडेला ठेवला आणि रोजच्यासारखा वळला.

"थांब," गजराबाई आतून म्हणाली.

तो थांबला. ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. पुष्पा उठून तिच्या मागं उभी राहिली.

"मागं ऱ्हायलेला तूच ना?"

"व्हय, मावशे. मी आनि गोरख गार्ड. त्याचा पाय मुरगाळला व्हता. मी त्याला पाठीवर घेतला व्हता." तो खाली बघून बोलत होता. "मावशे, खरं सांगू का, मी बसलो व्हतो. डोळ्याला दिसंना, दम निघंना. बास झालं म्हनलं. गोरख म्हनला तू जा. मी म्हनलं कुटं जातो आता. दोगं बी बसलो. तेवढ्यात सेटवर सोमनाथ वरडला."

"काय वरडला?"

कुंडलिकनं पुष्पाकडं पाहिलं. तिनं मान हलवली, नको.

"तिच्याकडं नगं बगू. माझ्याकडं बग. काय वरडला माजा सोमनाथ?"

"शिवी दिली, मावशे."

"कंची?"

  तो हळू म्हणाला, "म्हनला, 'तुझा मुडदा बशिवला तुझा! बसतोस काय? उचल की पाय!'"

पुष्पानं डोळे मिटून घेतले.  तिनं डोळे उघडले तेव्हा आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचं तोंड वाकडं झालं होतं. पुष्पाला वाटलं, आता पडेल. पण ती हसत होती. हसत होती आणि चौकटीवर पिठाचा हात आपटत होती.

"ही माजी हाय," ती म्हणाली. "आवं, ऐकलं का, ही माजी शिवी हाय. साळंला निघंना की म्या त्याला हीच द्यायची. मेंढरांस्नी बी हीच. कदी उलटून बोलला न्हाई माझा सोमा. म्या म्हनायची, ह्याच्या कानात तरी जातंय का न्हाई."

यमाजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. त्याचे खांदे हलत होते.

"मग?" गजराबाई म्हणाली. "मग तू उटला?"

"उटलो, मावशे. तुमीच अंगावर आल्यागत वाटलं. गोरखला उचलला आनि उटलो."

ती ओट्याच्या पायरीवर खाली बसली. पदरानं तोंड पुसलं तसं पीठ गालाला लागलं. आता ती हसत नव्हती. कुंडलिक अंगणात हात जोडल्यासारखे धरून उभा राहिला.

"परत म्हन," ती म्हणाली.

"मावशे..."

"त्यो वरडला तसं म्हन. असं हळू नगं. त्याच्यागत म्हन. तू ऐकलंयस, म्या न्हाई ऐकलं."

कुंडलिकनं पुष्पाकडं पाहिलं. या वेळी पुष्पानं मान हलवली नाही. तो मागं वळला, सांजावलेल्या डोंगराकडं तोंड केलं, छाती भरून घेतली आणि सगळी ताकद लावून ती शिवी ओरडला.

वाडग्यातली बसलेली मेंढरं धडपडत उठली आणि वर जायचं असल्यासारखी झापाशी गोळा झाली.